शिडाच्या नौकेवरचा संसार किती रुपयांना पडतो?

शिडाच्या लहान नौकेवर राहून किनाऱ्याकिनाऱ्याने किंवा देशोदेशी फिरायचे तर महिन्याला किती पैसे लागतात, हा प्रश्न हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतूनही ऐकू येतो. निवृत्तीला टेकलेले बँक अधिकारी, सैन्यातून बाहेर पडलेले सुभेदार, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखाना मुलाच्या हाती सोपवलेले उद्योजक आणि पुण्या-बंगळुरूतील नोकरीला कंटाळलेली तरुण जोडपी, अशा अनेकांनी नौकेवर राहणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यांत सांगितलेला डॉलरमधील मासिक आकडा रुपयांत बदलून तो आपल्या निवृत्तिवेतनाशी किंवा व्याजाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिला जातो. तो आकडा बहुधा खरा असतो, पण अपुरा असतो, कारण त्यात त्या महिन्यात खिशातून गेलेले पैसे धरलेले असतात आणि त्याच महिन्यात झिजलेल्या शिडाचे, तारांचे व इंजिनाचे पैसे सुटून गेलेले असतात.

समुद्र आपल्याला तसा दूर नाही. चोर्ला घाट उतरला की काही तासांत पणजी येते, आणि ज्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे आपण वर्षानुवर्षे एका दमात घेत आलो त्यांतील कारवार हे तर खरेखुरे बंदर आहे. तरीही घाटमाथ्यावरच्या माणसाला घर, शेत, ट्रॅक्टर किंवा लेथ यांच्या खर्चाचा जो अंगभूत अंदाज असतो, तो नौकेच्या बाबतीत नसतो. म्हणून हा हिशेब मुळापासून मांडावा लागतो.

नौकेच्या खर्चाचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात नौका जागची हलली नाही तरी होणारा खर्च येतो: नांगराच्या किंवा धक्क्याच्या जागेचे भाडे, विमा, नोंदणी, वर्षातून एकदा नौका पाण्याबाहेर काढून तळाला रंग देणे. दुसऱ्या ढिगात नौका फिरली की होणारा खर्च येतो: डिझेल, नव्या बंदरातील शुल्क, व्हिसा. तिसरा ढीग वर्षानुवर्षे दिसतच नाही आणि एके दिवशी एकदम समोर उभा राहतो. कारखानदार ज्याला घसारा म्हणतात तोच हा ढीग, आणि बहुतेकांचे गणित येथेच फसते. दुसरा ढीग, ज्याची सर्वांना सर्वाधिक धास्ती असते, तो प्रत्यक्षात या तिघांत सर्वांत लहान निघतो.

लांबी

या तिन्ही ढिगांचा आकार एकाच निर्णयाने ठरतो, तो म्हणजे नौकेची लांबी. लांबी वाढली की रुंदी आणि खोलीही वाढते, त्यामुळे नौकेचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० फुटांऐवजी ४० फुटांची नौका घेतली, तर लांबी एक तृतीयांशाने वाढलेली दिसते, पण वजन जवळजवळ २.४ पट होते. शिडाचे क्षेत्रफळ, डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांची जाडी, नांगराची साखळी, इंजिनाची अश्वशक्ती आणि तळाला लागणारा रंग हे सारे या वाढीच्या मागे जातात, आणि धक्क्याचे भाडे तर बहुतेक ठिकाणी थेट फुटावर आकारले जाते. केबिनमध्ये आणखी एक पलंग मावावा म्हणून घेतलेले दहा फूट पुढची वीस वर्षे दर महिन्याला पैसे मागत राहतात.

लहान नौका समुद्रात टिकेल का, ही शंका रास्त आहे. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचे नाव घेऊन जगभर फिरलेली नौदलाची ‘म्हादई’ आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. गोव्यात बांधलेल्या या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, वाटेत कोठेही न थांबता, ही प्रदक्षिणा पुन्हा केली. मात्र म्हादई ५६ फुटांची आणि सुमारे २३ टनांची आहे, आणि तिच्यामागे नौदलाची यंत्रणा उभी होती, त्यामुळे खासगी माणसाने तिच्यावरून आपला अंदाज बांधू नये. त्यापेक्षा २०२२ मध्ये सुरू झालेली गोल्डन ग्लोब शर्यत अधिक उपयोगी उदाहरण आहे. या शर्यतीत ३२ ते ३६ फुटांच्या, जुन्या आराखड्याच्या नौकाच चालतात, आणि अभिलाष टॉमी यांनी ३६ फुटांच्या नौकेतून जगाला फेरी मारून तीत दुसरा क्रमांक मिळवला. दोन माणसांच्या संसाराला आणि किनाऱ्यालगतच्या किंवा एखादा समुद्र ओलांडण्याच्या प्रवासाला ३० ते ३४ फूट पुरेसे आहेत, असे माझे मत आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगायचे तर परदेशात वीस-तीस वर्षे वापरलेली, या लांबीची, फायबरग्लासची चालती नौका तिच्या स्थितीनुसार वीस ते पन्नास हजार डॉलरच्या दरम्यान मिळू शकते. भारतात अशा जुन्या नौकांचा बाजार फार लहान आहे, आणि नौका बाहेरून आणायची तर आयात शुल्काशिवाय जीएसटी भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या नौकांवरील जीएसटीचा दर ४० टक्के आहे, म्हणजे २० लाखांच्या नौकेवर केवळ या एका कराचे किमान आठ लाख रुपये होतात. या कारणाने काही जण नौका परदेशात घेऊन तेथेच ठेवण्याचा मार्ग निवडतात. मलेशियातील लांगकावी हे १९८७ पासून करमुक्त असलेले बेट अशा फिरत्या नौकांचा आवडता मुक्काम आहे, कारण तेथे सुटे भाग कराविना मागवता येतात आणि राहणीमानही फार महाग नाही.

न दिसणारा ढीग

आता तिसऱ्या ढिगाकडे वळू. समजा एका जोडप्याने २५ वर्षे जुनी, ३२ फुटांची नौका २० लाख रुपयांना घेतली. पुढील आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नयेत, पद्धत समजावी म्हणून ते गोल करून धरलेले आहेत. मुख्य शीड आणि पुढचे शीड नवे करायला चार लाख लागतील आणि ते दहा वर्षे टिकेल असे धरले, तर शीड महिन्याला ३,३३३ रुपये खाते. कडक उन्हातील अतिनील किरण शिडाच्या कापडाआधी त्याची शिवण कुजवतात, म्हणून गुंडाळलेल्या शिडावर जाड कापडाची पट्टी किंवा खोळ घालणे ही या खात्यातील सर्वांत स्वस्त बचत होय. डोलकाठीच्या पोलादी तारा बाहेरून चकचकीत दिसत असल्या, तरी दहा-बारा वर्षांनी त्या बदलाव्यात असा विमा कंपन्यांचा सर्वसाधारण आग्रह असतो, कारण त्या पूर्वसूचना न देता तुटतात आणि तार तुटली की डोलकाठी पाण्यात जाते. तीन लाखांच्या तारा दहा वर्षांत झिजल्या तर महिन्याला २,५०० रुपये झाले. साठ हजारांच्या बॅटऱ्या पाच वर्षे चालल्या तर १,००० रुपये, आणि इंजिनाचे संपूर्ण काम किंवा बदल यासाठी साडेचार लाख धरून ते पंधरा वर्षांवर पसरले तर आणखी २,५०० रुपये. एवढ्या चार बाबींची बेरीज महिन्याला ९,३३३ रुपये होते, आणि यातला एकही रुपया त्या महिन्याच्या पासबुकात उमटत नाही.

त्यात दरवर्षीचे तळकाम मिळवावे. पाण्याखालच्या भागावर शेवाळ आणि शिंपल्यांचे थर चढू नयेत म्हणून विशेष विषारी रंग द्यावा लागतो, आणि तो साधारण वर्षा-दोन वर्षांत निष्प्रभ होतो. खानापूरकडच्या कौलारू घराची पावसाळ्यापूर्वी शाकारणी केली नाही तर जे होते, तेच हे काम टाळले तर नौकेचे होते: पहिल्या वर्षी केवळ वेग मंदावतो, दुसऱ्या वर्षी इंजिन जास्त डिझेल पिते, आणि तिसऱ्या वर्षी जे बिल येते त्यात वाचवलेल्या दोन्ही वर्षांचे पैसे व्याजासह वसूल होतात. क्रेनने नौका बाहेर काढणे, यार्डातील जागेचे भाडे, रंग आणि मजुरी मिळून वर्षाला एक लाख वीस हजार धरले, तर महिन्याला दहा हजार रुपये झाले.

आता ९,३३३ आणि १०,००० यांची बेरीज बाराने गुणली की वर्षाला २ लाख ३२ हजार रुपये येतात, म्हणजे नौकेच्या किमतीच्या सुमारे साडेअकरा टक्के. समुद्रावर राहणाऱ्यांत दरवर्षी किमतीच्या दहा टक्के डागडुजीला बाजूला ठेवावेत असा एक ठोकताळा प्रचलित आहे, तो साधारण येथूनच येतो. पण हा ठोकताळा स्वस्त नौकेला लावू नये. तीच ३२ फुटांची नौका दुर्लक्षित अवस्थेत आठ लाखांना मिळाली म्हणून तिला वर्षाला ऐंशी हजार पुरतील, असे होत नाही. क्रेनवाला नौकेची लांबी पाहतो, तिची खरेदीची पावती पाहत नाही, आणि शिडाचे कापड तेवढेच लागते. किंमत जितकी कमी, तितके टक्के जास्त, हे लक्षात न घेतल्याने स्वस्तात नौका घेणारे लोक पहिल्या दोन वर्षांत हात टेकतात.

धातू, खारे पाणी आणि उद्यमबाग

या सर्व खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो, आणि येथे बेळगावच्या माणसाची बाजू पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यापेक्षा भक्कम आहे. ओतकाम, टर्निंग, हायड्रॉलिक्स यांत ज्यांची हयात गेली, त्यांना नौकेवरच्या बहुतेक दुखण्यांचे कारण समजायला वेळ लागत नाही, फक्त गोड्या पाण्याच्या प्रदेशातल्या काही सवयी सोडाव्या लागतात.

पहिली सवय म्हणजे स्टेनलेस स्टील गंजत नाही हा विश्वास. हे पोलाद स्वतःभोवती क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करते आणि त्या थरामुळे सुरक्षित राहते, पण तो थर टिकायला हवेतील किंवा पाण्यातील प्राणवायू लागतो. स्वयंपाकघरातल्या भांड्यांना चालणारी ३०४ प्रत समुद्रावर काही महिन्यांत तपकिरी डाग दाखवू लागते. मॉलिब्डेनम मिसळलेली ३१६ प्रत पुष्कळ चांगली टिकते, तरीही डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या जेथे डेकमधून खाली जातात, तेथील बंद फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू पोहोचत नाही आणि ३१६ देखील आतून चिरत जाते. वरून पाहून काही कळत नाही, पट्टी बाहेर काढूनच तपासावी लागते. जुनी नौका घेताना विक्रेत्याला सर्वप्रथम विचारायचा प्रश्न या पट्ट्या शेवटच्या केव्हा काढल्या होत्या, हा असावा.

दुसरी सवय पितळेची. पाण्याखाली असलेल्या छिद्रांना जे व्हॉल्व्ह बसवलेले असतात ते साध्या पितळेचे असतील, तर खारे पाणी त्यातील जस्त हळूहळू काढून घेते आणि मागे गुलाबीसर, भुसभुशीत तांबे उरते, जे हाताने पिळले तरी मोडते. असा एक व्हॉल्व्ह मोडला तर नौका बुडू शकते, म्हणून तेथे कासे म्हणजे ब्राँझ वापरतात. तिसरी गोष्ट अशी की दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की त्यांची बॅटरी बनते आणि कमी प्रतीचा धातू झिजू लागतो. त्या झिजेला मुद्दाम एक बकरा द्यावा म्हणून नौका पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा तुकडा बसवतात. तो तुकडा स्वस्त असतो, आणि तो वेळेवर बदलला नाही तर पुढचा नंबर महागड्या पंख्याचा लागतो.

ज्याला ही कारणे कळतात तो ३१६ ची पिन किंवा काशाचे बुश उद्यमबागेत करून घेऊ शकतो, इंजिनाचा समुद्रपाण्याचा पंप स्वतः उघडून त्यातील रबरी चक्र बदलू शकतो, आणि ‘मरीन’ असा शिक्का असलेल्या वस्तूसाठी कोठे जादा पैसे मोजायचे व कोठे नाही हे ठरवू शकतो. गोड्या पाण्याची नळी, स्वयंपाकघरातले सामान, दिवे यांना तो शिक्का लागत नाही. उलट विजेच्या तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्याच घ्याव्यात, कारण साध्या तांब्याच्या तारा खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळ्या पडत जातात आणि दोष शोधता शोधता वर्ष जाते. डोलकाठीच्या तारा, पाण्याखालचे व्हॉल्व्ह, डिझेलची नळी आणि गॅसची जोडणी या चार ठिकाणी काटकसर करू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो, म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला, तळाशी समुद्राकडे उघडणारे छिद्र असलेल्या खणात ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या मच्छीमार होडीवर चूल पेटवतात म्हणून येथेही चालेल, असे म्हणणारे मला भेटले आहेत. पण होडी उघडी असते, आणि केबिन असलेली नौका बंद डब्यासारखी असते.

पावसाळा, नांगर आणि वारा

पश्चिम किनाऱ्यावर राहण्याचा विचार असेल तर वर्ष आठ महिन्यांचे धरावे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, ती माशांच्या प्रजननाबरोबरच खवळलेल्या समुद्राचाही विचार करून. हौसेच्या नौकाही याच सुमारास पाण्याबाहेर काढतात किंवा नदीत, खाडीत आतवर नेऊन बांधतात. पावसाळ्याच्या आगेमागे अरबी समुद्रात चक्रीवादळेही येतात: नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि मे २०२१ मधील तौक्ते ही कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने अनुभवलेली दोन उदाहरणे. यार्डात उभ्या असलेल्या नौकेवर राहणे त्रासाचे असते, त्यामुळे ते चार महिने बेळगावच्या घरी काढणे सोयीचे पडते. म्हणजे घर भाड्याने देऊन त्या भाड्यावर नौका चालवायचा बेत येथल्या माणसाला सहसा जमत नाही.

जागेचे भाडे ही अशी बाब आहे की एकच नौका एका मालकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडू शकते. वीज, पाणी आणि पायरीशी नौका बांधायची सोय देणारी मरीना सर्वत्र महाग असते, आणि आपल्याकडे तर ती सोय फार थोड्या ठिकाणी आहे. कोचीच्या बोलगट्टी बेटावरील मरीना त्यांतील जाणकारांना परिचित आहे. बाकी किनाऱ्यावर नांगर टाकून राहावे लागते, आणि विजयदुर्गासारख्या खाडीत, जेथे एके काळी आंग्र्यांचे आरमार आसरा घेत असे, नैसर्गिक आडोसा उत्तम मिळतो. नांगरावर निर्धास्त झोपता यायचे असेल तर त्यावर आधी खर्च करावा लागतो. ३२ फुटांच्या नौकेला साधारण १५ किलोचा चांगला नांगर आणि ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी लागते, जिचे वजनच सुमारे ७० किलो भरते, कारण पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडली तरच ओढ आडवी राहते आणि नांगर रुतून बसतो. एकदा केलेला हा खर्च मरीनाच्या काही महिन्यांच्या भाड्यात वसूल होतो.

डिझेलचा खर्च ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. ३२ फुटांच्या नौकेचे लहान इंजिन ताशी सुमारे दोन लिटर डिझेल घेते. वर्षाला शंभर तास इंजिन चालले आणि लिटरला ९० रुपये धरले, तर वर्षाचे अठरा हजार, म्हणजे महिन्याचे दीड हजार रुपये होतात. हे तास शंभरावर राखणे वाऱ्याची वाट पाहण्याच्या तयारीवर अवलंबून असते. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. या वेळापत्रकाशी जुळवून घेणारा दिवसभरात पुढच्या खाडीत शिडावर पोहोचतो, आणि ज्याला शनिवारीच पोहोचायचे असते तो इंजिन लावतो. नौकेचा वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर धरला, तर मुंबई ते गोवा हा साधारण सव्वादोनशे सागरी मैलांचा प्रवास चांगल्या वाऱ्यात दोन दिवस आणि जवळजवळ दोन रात्री घेतो. तारीख बांधून प्रवास करणाऱ्याचा डिझेलचाच नव्हे, तुटफुटीचाही खर्च वाढतो, कारण तो नको त्या हवामानात बाहेर पडतो.

वीज आणि पाणी यांवर फार लिहायला नको. तीन-चारशे वॉटच्या सौर पट्ट्या आपल्या उन्हात दिवे, रेडिओ, पंखे आणि लहान फ्रिज चालवतात, आणि फ्रिज सोडून देण्याची तयारी असेल तर पट्ट्या व बॅटऱ्या दोन्ही निम्म्यावर येतात. दोन माणसांना काटकसरीने दिवसाला पंधरा लिटर गोडे पाणी पुरते, म्हणजे अडीचशे लिटरची टाकी पंधरवडाभर चालते. नळाला पाणी येण्याच्या दिवसावर घरकाम बांधायची सवय असलेल्या शहरातील गृहिणीला हे गणित शिकवावे लागत नाही.

कागदपत्रे आणि महिन्याची बेरीज

कागदपत्रांत पैशांपेक्षा वेळ जास्त जातो, पण चूक महागात पडते. नौकेची नोंदणी, व्हीएचएफ रेडिओचा परवाना आणि किमान तृतीय पक्षाचा विमा असावा. कारवारसारख्या नौदलाच्या तळाजवळ कोठे जायचे नाही, हे बंदर कार्यालयातून आधी समजून घ्यावे. परदेशातील चित्रफितींत प्रत्येकाच्या हाती दिसणारा उपग्रह फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तो मागवण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. संकटात रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर आणि किनाऱ्यालगत मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. मात्र जीवरक्षक तराफ्याची ठरावीक काळाने तपासणी आणि मुदत संपलेले संकटसूचक बाण बदलणे, हा आवर्ती खर्च वर न दाखवलेल्या किरकोळ खात्यात धरावा.

आता उदाहरणातील जोडप्याचा महिना पूर्ण करू. झीज आणि तळकाम मिळून १९,३३३ रुपये. २० लाखांवर दीड टक्का दराने विमा घेतला तर २,५०० रुपये. जागेचे व बंदराचे शुल्क सरासरी ८,००० रुपये. डिझेल १,५०० रुपये. किराणा, मासळी, गॅस, मोबाइल मिळून २०,००० रुपये, कारण तांदूळ आणि डाळ समुद्रावर गेल्याने स्वस्त होत नाहीत. आरोग्य विमा आणि घरच्या फेऱ्या मिळून १२,००० रुपये. ही बेरीज ६३,३३३ होते, आणि त्यातील जवळजवळ निम्मे पैसे केवळ नौकेचे आहेत. घरच्या फेऱ्यांचा आकडा पाहून हसू नये. परदेशी जोडपी वर्षभर घरी न जाता राहू शकतात, पण आपल्याकडे भाचीचे लग्न, भावाकडचे कार्य, गणपती आणि कोणाचे आजारपण यांना नाही म्हणता येत नाही, आणि नौका गोव्याऐवजी लांगकावीला असेल तर प्रत्येक वेळी विमानाचे तिकीट आणि नौकेवर लक्ष ठेवणाऱ्याचे पैसे लागतात. त्यात भारतीय पारपत्रावर अनेक देशांचा व्हिसा आगाऊ काढावा लागतो, ज्याचा खर्च युरोपीय दर्यावर्दीच्या हिशेबात दिसत नाही.

या मासिक आकड्याच्या बाहेर, हात न लावायची एक रक्कम वेगळी ठेवावी. माझ्या अंदाजाने ती नौकेच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी असावी, कारण डोलकाठी पडणे किंवा इंजिन जाम होणे हे सहसा आपल्या सोयीच्या बंदरात घडत नाही. आणि ज्यांनी अजून एकदाही शीड हाताळलेले नाही, त्यांनी नौका पाहायला जाण्याआधी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत किंवा एखाद्या नौकानयन संस्थेत प्रशिक्षण घेऊन, दुसऱ्याच्या नौकेवर आठ-दहा दिवस राहून पाहावे. ज्यांना ओले अंथरूण-पांघरूण आणि रात्री दोनदा उठून नांगर तपासणे सोसत नाही, त्यांचा त्यात मोठा खर्च वाचतो. केवळ शनिवार-रविवार घाट उतरून वापरायची असेल तर स्वतःची नौका घेऊच नये. पहिल्या आणि तिसऱ्या ढिगातील सगळे पैसे तेव्हाही जातात, आणि वापराचे दिवस इतके थोडे भरतात की भाड्याची नौका प्रत्येक वेळी स्वस्त पडते.

राहता राहिला बाहेर पडण्याचा खर्च, ज्याचा विचार खरेदीच्या वेळी कोणी करत नाही. नव्या तारा, नवी शिडे, नवे इंजिन यांवर घातलेल्या पैशांचा थोडाच भाग विक्रीच्या किमतीत परत येतो. परदेशात दलालाची दलाली साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाडे, विमा व देखभाल चालूच राहते. म्हणून बेळगावचे घर विकून नौका घेऊ नये, आणि विकायचा निर्णय दिवाळीच्या सुमारास, हंगामाच्या तोंडावर घ्यावा. मे महिन्यापर्यंत नौका गेली नाही, तर आणखी एका पावसाळ्याचे यार्डभाडे आणि पुन्हा एकदा तळाचा रंग विक्रेत्याच्याच डोक्यावर येतो.